मित्राने पक्ष बदलला, आता मत कुणाला?

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे वय अठ्ठावन्न असून मी मानेवाडा–बेसा रस्त्यालगतच्या एका ले-आउटमध्ये राहतो व तेथील नागरिक समितीचा सचिव आहे. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातील एका जागेसाठी माझा कॉलेजपासूनचा मित्र उभा आहे. ज्या पक्षाविरुद्ध तो वीस वर्षे चौकाचौकांत बोलला, सार्वजनिक वापरासाठी राखलेले भूखंड संस्थांना वाटले म्हणून ज्याला त्याने जाहीरपणे धारेवर धरले, त्याच पक्षाचा दुपट्टा त्याने स्वतःचे तिकीट कापले गेल्यावर दोन दिवसांत गळ्यात घातला आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, मिळवला. आता तो म्हणतो, ‘भाऊ, पक्ष बदलला, पण माणूस तर मी तोच आहे ना! तू माझ्यासोबत फिर.’

माझ्या विचारांच्या, म्हणजे मित्राच्या जुन्या पक्षाने ज्याला उभे केले आहे, त्याच्या शपथपत्रात प्लॉटविक्रीत फसवणूक केल्याचे दोन गुन्हे नमूद आहेत. तिसऱ्या उमेदवार बाईंच्या पक्षाचे विचार मला पटत नाहीत. मात्र गेली सात-आठ वर्षे गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) असो की टँकर, आमच्यासाठी अर्ज घेऊन झोन कार्यालयात त्याच जातात आणि त्यांनी कुणाकडून पैसा घेतल्याचे कुणी ऐकलेले नाही. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, यावरून मात्र आमच्याकडे कुजबुज चालते. पत्नी त्यांनाच मत देणार म्हणते. मी अडखळतो, कारण आयुष्यभर मी विचार पाहून मत दिले आहे.

घरात हा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, ‘बाबा, आपल्या वरच्या मजल्याची परवानगी नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवात उमेदवाराकडून आलेला स्टीलचा डबा आईने ठेवून घेतला, आणि तुम्ही दुसऱ्याच्या तत्त्वांचा हिशेब मागून राहिले.’ मला उत्तर सुचले नाही. मी मत कुणाला द्यावे, मित्रासोबत फिरावे की नाही, आणि मुळात मला हे विचारण्याचा अधिकार आहे का? समितीने कुणाला तरी पाठिंब्याचे पत्र द्यावे, असाही काही सभासदांचा आग्रह आहे.

— एक वाचक, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपले पत्र प्रामाणिक आहे. मुलाने केलेला आरोप आपण झाकून ठेवला असता तरी कुणाला कळले नसते. तो आपण स्वतःहून लिहिलात, म्हणून या उत्तरात मीही हातचे राखून काही लिहिणार नाही.

सुरुवात मित्रापासून करू, कारण पत्रातली खरी बोच तिथेच आहे. पक्ष बदलणे हा स्वतःमध्ये दोष नाही, हे आधी मान्य करायला हवे, नाहीतर आपण मित्रावरही अन्याय करू आणि पक्षाला चिकटून राहणाऱ्या प्रत्येकाला फुकटचे श्रेय देऊ. आपल्याच शहराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली आणि अखेरच्या काळात रिपब्लिकन पक्षाची आखणी केली, जो त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये उभा राहिला. ज्या काँग्रेसवर त्यांनी आयुष्यभर टीका केली, तिच्या मंत्रिमंडळात ते १९४७ मध्ये कायदामंत्री झाले आणि हिंदू कोड बिलाची हेळसांड तसेच सरकारशी असलेले इतर मतभेद यांमुळे १९५१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. सभागृहात निवेदन ठरल्याप्रमाणे करू दिले गेले नाही, तेव्हा त्यांनी ते वृत्तपत्रांकडे दिले. कारणे लेखी आणि सर्वांसमोर ठेवली. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि विचाराची होती. पक्ष, पदे, मित्रपक्ष हे सगळे बदलले. कुणासाठी आणि कशासाठी लढायचे, ते बदलले नाही.

विदर्भातलेच दुसरे उदाहरण लोकनायक बापूजी अणे यांचे आहे. टिळकांच्या मुशीत घडलेला आणि १९३० मध्ये यवतमाळच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करणारा हा माणूस १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला, तेव्हा अनेकांनी त्यांना दूषणे दिली असतील. ‘छोडो भारत’चा वणवा पेटलेला असतानाही ते त्या मंडळात होते. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी तुरुंगात उपोषण आरंभले आणि सरकार ढिम्म राहिले, तेव्हा अणे यांनी दोन सहकाऱ्यांसह मंडळाचा राजीनामा दिला. त्यांचा आधीचा निर्णय चूक होता की बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. पण खुर्ची आणि सदसद्विवेक यांची गाठ पडली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली, यात वाद नाही. पुढे १९६२ मध्ये स्वतंत्र विदर्भाचा हा पुरस्कर्ता नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेला.

या दोघांच्या बदलांकडे पाहिले की मित्राची पारख कशी करायची ते दिसते. माणसाने बदलाचे कारण लाभ मिळण्यापूर्वी सांगितले की नंतर, आणि त्या बदलाची किंमत कुणी मोजली, एवढेच पाहायचे असते. बाबासाहेबांनी मंत्रिपद गमावले, अणे यांनीही पद गमावले. आपल्या मित्राने काय गमावले? तिकीट कापले जाईपर्यंत जुन्या पक्षात त्यांना खुपत असे काही नव्हते आणि एबी फॉर्म हाती येईपर्यंत नव्या पक्षात त्यांना भावत असे काही नव्हते. निष्ठावंताला डावलून उपऱ्याला उमेदवारी दिल्याचा त्यांचा संताप खरा असेल. तो मला समजतो, कारण वीस वर्षे सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला शेवटच्या दिवशी डावलणे हे क्रौर्य आहे. पण त्यावर अपक्ष लढण्याचा मार्ग मोकळा होता. तो खर्चिक आणि बहुधा पराभवाचा असतो, म्हणूनच तो घेणाऱ्याचा शब्द जड होतो.

‘माणूस मी तोच आहे’ हे त्यांचे वाक्य मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. सार्वजनिक वापराच्या भूखंडांविषयी ते वीस वर्षे बोलत आले. मग आज, नव्या पक्षाचा दुपट्टा गळ्यात असताना, त्यांनी आपल्या ले-आउटच्या मैदानात उभे राहून तेच बोलावे. निवडून आल्यास असा प्रस्ताव सभागृहात आला तर विरोध करीन, असे लिहून द्यावे. हे त्यांनी केले, तर माणूस तोच आहे असे म्हणायला आधार मिळेल. ‘तो विषय आता कशाला, आता विकासाचे बोलू’ असे त्यांचे उत्तर आले, तर दुपट्ट्याबरोबर माणूसही बदलला, असे समजायला आपण मोकळे आहात.

कायद्याकडून येथे फार अपेक्षा ठेवू नये. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेला पक्षांतरबंदी कायदा निवडून आलेल्या आमदार-खासदारांना लागू होतो. एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालते, ही त्यातली पळवाट २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने बुजवली, तरी दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट अजून उघडी आहे. नगरसेवकांसाठी आपल्या राज्यात १९८६ चा स्वतंत्र अनर्हता (अपात्रता) अधिनियम आहे. पण निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पक्ष बदलणाऱ्याला यांपैकी एकही कायदा हात लावत नाही. तिथे पहारा फक्त मतदाराचा असतो आणि मतदार मित्र असला की तो पहारा ढिला पडतो. आपण ढिले पडला नाहीत, हे पत्रावरून दिसते.

आता आपल्या विचारांच्या पक्षाने दिलेल्या उमेदवाराविषयी. आज आपण त्यांच्यावरचे गुन्हे घरबसल्या वाचू शकता, ही सोय पक्षांनी आपण होऊन दिलेली नाही. नागरिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क ठरवला, त्याला वळसा घालणारी कायद्यातील तरतूद २००३ मध्ये रद्द केली आणि त्यानंतर शपथपत्राची रीत पक्की झाली. स्थानिक निवडणुकांतही उमेदवारांना अशी माहिती द्यावी लागते. ती वाचताना ‘गुन्हे दोन’ एवढ्या आकड्यावर थांबू नये. कलम कोणते, फिर्यादी कोण, आरोप निश्चित झाले आहेत की नुसताच गुन्हा दाखल आहे, हे पाहावे. संविधान चौकात रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि निवृत्त माणसाच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्लॉट दोघांना विकल्याचा गुन्हा एका तागडीत टाकता येत नाहीत. पहिला कधी कधी सार्वजनिक जीवनाचा भूषणास्पद भाग असतो. दुसरा थेट चारित्र्याशी भिडतो.

‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व आपल्याला कुणीतरी ऐकवेल. न्यायालयासाठी ते अगदी योग्य आहे. कायद्याने दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो आणि सुटकेनंतर सहा वर्षे त्याला निवडणूक लढवता येत नाही; २०१३ च्या निकालापासून ही अपात्रता अपिलाची वाट पाहत थांबत नाही. पण मतदार कुणाला तुरुंगात पाठवत नसतो. तो महापालिकेच्या चाव्या कुणाच्या हाती द्यायच्या ते ठरवत असतो आणि त्यासाठी वाजवी संशयही पुरेसा असतो. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना बजावले होते की गुन्हे प्रलंबित असलेल्यालाच का निवडले, याची कारणे जाहीर करा आणि ‘तो जिंकून येऊ शकतो’ एवढे एकच कारण चालणार नाही. आपल्या पक्षाच्या शहर कार्यालयात जाऊन आपणही हाच प्रश्न विचारा. समर्थकाने विचारलेला प्रश्न पक्षाला विरोधकाच्या प्रश्नापेक्षा जास्त झोंबतो, आणि विचारनिष्ठ मतदार म्हणून तो विचारण्याची पहिली जबाबदारी आपलीच आहे. आपल्या विचारांचा कैवार घेणारा माणूस गोरगरिबांचे प्लॉट लुबाडत असेल, तर त्या विचारांना बट्टा लावणारा विरोधक नसून तोच आहे.

बाईंच्या घरच्या गोष्टींविषयी मी थोडक्यात पण ठामपणे लिहितो. त्या नवऱ्यापासून वेगळ्या का राहतात, हा आपल्या ले-आउटचा विषय नाही. सार्वजनिक माणसाचे चारित्र्य पाहायचे म्हणजे पैसा हाती आल्यावर तो कसा वागतो, दिलेला शब्द पाळतो का, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी त्याची भाषा कशी असते आणि चूक उघड झाल्यावर खोटे बोलतो का, हे पाहायचे. घरातल्या कुणावर हात उगारणे, कुणाला फसवणे यांसारखी गोष्ट असेल तर ती खासगी राहत नाही. पण संसार मोडणे हा गुन्हाही नव्हे आणि दुर्गुणही नव्हे. आपल्या भागात तीन उमेदवारांपैकी एकावर फसवणुकीचे गुन्हे आहेत, दुसऱ्याने दोन दिवसांत निष्ठा फिरवली, आणि कुजबुज मात्र तिसरीच्या संसाराची होते. पुरुष उमेदवारांच्या घरात काय चालते, याची चौकशी कुणी केल्याचे आपण लिहिलेले नाही. समितीचे सचिव म्हणून ही कुजबुज आपल्या कानावर येईल तेव्हा ती तिथेच तोडा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगते.

आता मूळ प्रश्न : विचार मोठा की व्यक्ती? मत कोणत्या सभागृहासाठी द्यायचे आहे, त्यावर हे बरेचसे अवलंबून आहे, असे माझे मत आहे. लोकसभेत आणि विधानसभेत कायदे होतात आणि तिथे निवडून गेलेला सदस्य पक्षाच्या व्हिपने, म्हणजे मतदानाविषयीच्या पक्षादेशाने, बांधलेला असतो. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, म्हणून माणूस कितीही सज्जन असला तरी महत्त्वाच्या मतदानात त्याचा हात पक्ष सांगेल तेव्हाच वर होतो. तिथे पक्षाचा विचार पाहून मत देणे, ही आपली आजवरची रीत शहाणपणाची आहे. महापालिकेत कामाचा मोठा भाग पाणी, गडर, रस्ते, मालमत्ता कर, कचरा, शाळा, निविदा यांचा असतो. व्हिप तिथेही असतो, आणि फेरीवाल्यांचे काय करायचे, कुणाचे अतिक्रमण तोडायचे व कुणाचे सोडायचे, सार्वजनिक जागा कुणाला द्यायची, यांत विचारसरणी डोकावतेच. म्हणून तिथे विचार गैरलागू ठरतो असे मी म्हणणार नाही. पण झोन कार्यालयात अर्ज घेऊन जाणारा, निविदेचा कागद वाचणारा आणि टक्केवारीला नाही म्हणणारा माणूस तिथे असणे, याचे वजन विधानसभेपेक्षा कितीतरी अधिक आहे. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. तुंबलेल्या गडरची तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची, हे त्या काळात ले-आउटमधल्या माणसाला कळेनासे झाले होते. त्या वर्षांतही या बाई कोणत्याही पदाविना अर्ज घेऊन जात राहिल्या, असे आपल्या पत्रावरून दिसते. निवडणूक तोंडावर आल्यावर सुचलेली सेवा आणि निवडणूकच नसतानाची सेवा यांतला फरक मला फार मोठा वाटतो.

म्हणून आपण विचारलेच आहे तर सांगते : आपण लिहिले ते सर्व खरे असेल, तर या एका जागेसाठी मी बाईंना मत दिले असते. त्याने आपल्या आयुष्यभराच्या भूमिकेला तडा जात नाही. आपल्या प्रभाग पद्धतीत एका मतदाराला साधारणतः चार मते असतात. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळी यादी असते आणि चारही बटणे दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. प्रचारवाले सांगतात की पूर्ण पॅनेल चालवा. तसे कोणतेही बंधन नाही. उरलेल्या जागांवर आपल्या विचारांचे स्वच्छ उमेदवार असतील तर त्यांना मत द्या, एखाद्या जागेवर कुणीच पात्र वाटला नाही तर तिथे नोटा आहे. मात्र बाईंना भेटून हेही सांगा की आपल्या पक्षाच्या अमुक भूमिका मला मान्य नाहीत, हे मत आपल्या कामाला आहे, आणि विधानसभेला ते आपल्या पक्षाला मिळेलच असे नाही. असा मतदार उमेदवाराला अडचणीचा वाटतो, पण कामाला लावणाराही तोच असतो.

या ठिकाणी एक खंत लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘चांगली माणसे राजकारणात येत नाहीत’ असे आपण सारे म्हणतो. आली तेव्हा आपण काय केले? बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि विदर्भाच्या मतदारांनी राज्यघटनेच्या शिल्पकाराला पाडले. साधेपणासाठी सर्वपक्षीय आदर मिळवलेले कॉम्रेड ए. बी. बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून विधानसभेवर गेले. लोकसभेसाठी उभे राहिले तेव्हा याच शहराने त्यांना घरी बसवले. त्यांचे विचार मान्य नव्हते म्हणून कुणी मत दिले नसेल, तर ते रास्त आहे. पण चारित्र्याचे गोडवे गाणे आणि मत देताना जात, गट, ‘आपला माणूस’ पाहणे, ही विसंगती उमेदवारांची नव्हे, आपली आहे. आणि मत देणाऱ्यांची ही गोष्ट झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूर मतदारसंघात सुमारे ५४ टक्केच मतदान झाले. जे आलेच नाहीत, त्यांच्या तत्त्वांविषयी काय बोलावे?

यातून मी आपल्या मुलाच्या बोलण्याकडे येते. तो कडक बोलला, पण खोटे बोलला नाही. तरीही त्याच्या बोलण्यातून ‘ज्याचे हात पूर्ण स्वच्छ नाहीत, त्याने प्रश्नच विचारू नये’ असा अर्थ निघत असेल, तर तो मला मान्य नाही. तसे झाले तर देशात एकही माणूस प्रश्न विचारायला उरणार नाही आणि याचा सर्वाधिक फायदा सर्वांत मोठ्या चोराला होईल. प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नागरिक म्हणून आहे. तो सद्गुणाचे बक्षीस म्हणून मिळालेला नाही. पण घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे माप वेगळे ठेवणाऱ्या दुकानदाराचा शब्द बाजारात चालत नाही, तसे आपल्या प्रश्नाचे होईल, एवढे मुलाचे म्हणणे रास्त आहे.

तेव्हा वरच्या मजल्याचे काम हाती घ्याच. नागपुरात ५७२ आणि १९०० अनधिकृत ले-आउटच्या काळापासून नियमितीकरणाचा घोळ चालू आहे. प्लॉटचे आरएल लेटर (नियमितीकरणाचे पत्र) मिळवता मिळवता लोकांची उमर गेली, हे मला ठाऊक आहे. परवानगी न मिळण्यात यंत्रणेचा दोष किती आणि आपला आळस किती, हे आपल्याइतके दुसरे कुणी जाणत नाही. वास्तुविशारदाकडून नकाशा करून घ्या, नियमात जे बसते त्याचे शुल्क भरा आणि जे बसत नाही त्याचे काय करायचे, ते मुलाला शेजारी बसवून ठरवा. महापालिका कायद्यात एक तरतूद आहे : नगरसेवकाने स्वतः, किंवा त्याच्या पती-पत्नीने वा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अवैध बांधकाम केले, तर त्याचे पद जाऊ शकते. आपण ज्यांना निवडणार आहोत त्यांच्याकडून कायदा एवढी अपेक्षा करतो. निवडणाऱ्यांनी ती स्वतःकडून निम्मी जरी केली, तरी या शहराचा नकाशा वेगळा दिसेल.

डब्याची गोष्ट छोटी वाटते, ती छोटी नाही. मत मिळावे म्हणून काही देणे हा जसा गुन्हा आहे, तसेच ते त्यासाठी घेणे हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये देणारा आणि घेणारा दोघेही येतात. हळदीकुंकवात बायका एकमेकींना वाण देतात, ती आपली जुनी, आपुलकीची रीत आहे, आणि म्हणूनच उमेदवाराला ती वापरावीशी वाटते. दारात आलेले वाण नाकारणे बायकांना अवघड जाते. पत्नीला दोष देऊ नका. त्या डब्यावर नाव छापलेले असेल, तर तो परत पाठवावा आणि पुढच्या वर्षी ले-आउटच्या हळदीकुंकवाचा खर्च समितीच्या महिलांनी वर्गणीतून करावा, म्हणजे कुणा उमेदवाराला दारात यायला निमित्तच उरणार नाही.

आपल्यासाठी आणखी एक सूचना आहे, आणि माझ्या दृष्टीने या उत्तरातील सर्वांत उपयोगाची हीच आहे. आपण माणसे आधी निवडतो आणि निकष मागाहून शोधतो. आपल्या माणसावर गुन्हे असले की ‘राजकीय सूड’, दुसऱ्याच्या माणसावर असले की ‘गुंड’. आपल्याकडे कुणी आला की ‘मनपरिवर्तन’, आपल्याकडून गेला की ‘गद्दार’. याला आळा घालायचा, तर पुढच्या निवडणुकीच्या उमेदवारयाद्या लागण्यापूर्वीच घरात बसून आपल्या अटी कागदावर उतरवा. कोणत्या प्रकारचा गुन्हा असेल तर मत नाही, पक्ष कधी आणि कसा बदलला असेल तर मत नाही, कोणत्या दोन-तीन प्रश्नांवर उमेदवाराची भूमिका आपल्याला हवी तशी असलीच पाहिजे, हे लिहा. आपण, पत्नी आणि मुलगा तिघांनी वेगवेगळे लिहिले तर अधिक चांगले. नावे कळल्यावर त्या कागदात खाडाखोड करायची नाही. मित्राचे नाव कोरे ठेवून ही हकिकत एखाद्या परक्या उमेदवाराची म्हणून आपण वाचली असती, तर त्याच्यासाठी दारोदार फिरायला निघाला असता का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ आहे, म्हणूनच आपण पत्र लिहिले.

मित्राला हे तोंडावर सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. प्रचाराच्या गर्दीत नको, एखाद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगा की मी तुझ्यासोबत फिरणार नाही, तुझ्याविरुद्धही फिरणार नाही, आणि का ते असे आहे. भूखंडांबद्दलचा प्रश्न त्याच वेळी विचारा. चाळीस वर्षांची मैत्री असेल तर ती हा नकार पचवेल. त्यांच्या घरच्या लग्नाकार्याला, अडीअडचणीला आपण पूर्वीसारखेच जात राहा. मत न देणे म्हणजे माणूस टाकणे नव्हे, आणि गेल्या काही वर्षांत राजकारणापायी शहरातली किती घरे एकमेकांच्या उंबऱ्यावर जाईनाशी झाली, हे पाहून मला फार दुःख होते.

राहिला पाठिंब्याच्या पत्राचा आग्रह. तो मान्य करू नका. समिती सर्वांच्या वर्गणीवर चालते आणि तिच्यात सर्व पक्षांना मत देणारी कुटुंबे आहेत. समितीचे लेटरहेड एका उमेदवाराला देणे म्हणजे उरलेल्यांच्या नावाने परस्पर सही करण्यासारखे आहे. त्यापेक्षा तिन्ही उमेदवारांना एकाच संध्याकाळी ले-आउटच्या मैदानात बोलवा. आचारसंहिता लागू असेल, तर सभेची परवानगी आधी काढा. प्रश्न आधीच लेखी मागवून घ्या आणि सर्वांना तेच प्रश्न विचारा : गडर लाइनचे काम कोणत्या महिन्यापर्यंत, राखीव भूखंडांबाबत भूमिका काय, शपथपत्रातील गुन्ह्यांविषयी म्हणणे काय, पक्ष बदलला असल्यास का. उत्तरे तिथेच लिहून घेऊन त्यावर उमेदवारांच्या सह्या घ्या. हार, दुपट्टे आणि घोषणा यांना मज्जाव ठेवा. सभेचे सूत्रसंचालन आपण करू नका, कारण तीनपैकी एक उमेदवार आपला मित्र आहे. ते काम आपल्या मुलाकडे सोपवावे, असे मला वाटते.